ब्याऐंशीचा माणूस

दिगंबर मिस्त्री भेटल्यावर नमस्कार करत नाहीत. उजव्या हाताची उलटी बाजू समोरच्याच्या गालाला लावतात, क्षणभर डोळे मिटतात आणि निकाल देतात, "ब्याऐंशी." माणूस पसंत पडला नसेल तर, "एक्क्याण्णव."

कॉलेजात इतिहास शिकवून मी निवृत्त झालो आणि परभणीत, जिंतूर रोडला, त्यांच्या गॅरेजच्या शेजारी घर बांधलं. पहिल्याच दिवशी गालाला डिझेलचा वास घेऊन घरी परतलो. मी एक्क्याण्णव निघालो होतो.

हे आकडे थर्मोस्टॅटचे. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर बसणारी ही वाटीएवढी झडप. पाणी ठरल्या अंशाला तापलं की उघडते आणि ते रेडिएटरकडे सोडते. एक ब्याऐंशीला उघडते, दुसरी एक्क्याण्णवला. मिस्त्रींच्या मते माणसांचेही हेच दोन प्रकार. काही वेळेवर मोकळे होतात, काही आत उकळत बसतात.

आमच्याकडचा रिवाज असा, की उन्हाळा लागला की ट्रकवाले ही झडप काढूनच टाकतात. कसली कटकट नको. मिस्त्री अशांना दारात उभं करत नाहीत. "दार उपटून फेकलं म्हणून घर थंड व्हतंय का?"

झडप बसवण्याआधी ते ती पातेल्यात तपासतात. मिटलेल्या झडपेच्या फटीत दोऱ्याचं टोक अडकवायचं आणि ती पाण्यात लोंबकळत सोडायची. दुपारच्या सामसुमीत स्टोव्ह फुरफुरत असतो. पाणी तापतं, एक तोंड उघडतं, दोरा सुटतो आणि झडप तळाला जाते. टक्. मग दुसरी. प्रत्येक आवाजाला मिस्त्री "हां" म्हणतात, हजेरी घेतल्यासारखं. मी ते एकदाच बसून पाहिलं. पुन्हा बसावंसं वाटलं नाही.

रस्ता रुंद होणार म्हणून मध्यंतरी एक पुढारी नारळ फोडायला आले होते. मागे सात गाड्या, गळ्यात हार. मिस्त्री गर्दीतून पुढे गेले, आधी गाडीच्या बॉनेटला हात लावला, मग पुढाऱ्यांच्या गालाला. म्हणाले, "साहेब, गाडी थंड हाय. तुमीच तापायलात." या परिसरात इतकं नेमकं राजकीय भाष्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

गॅरेजच्या मागे लिंबाखाली एक जुना टिपर उभा आहे. टायर मातीत रुतलेले, मागच्या हौद्यात गवत. दहा वर्षांत तो एक वीतही हललेला नाही, हे सगळेच सांगत. पौषातल्या एका संध्याकाळी आमची मांजर त्याच्याखाली जाऊन बसली. तिला काढायला मी वाकून हात घातला. मांजर ऊबदार होती, ते साहजिकच. पण तिच्या डोक्यावरचं लोखंडही गरम होतं. तो गिअरबॉक्स होता.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. त्या दिवशी मात्र मी मांजर तिथेच ठेवून परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला कुंपणापाशी उभा राहिलो. टिपरचं इंजिन चालू होतं. रोजचा हा आवाज मी गॅरेजात आलेल्या एखाद्या गाडीचा समजत आलो होतो. केबिनमध्ये कोणी नव्हतं. चाकांना मोठे दगड लावलेले, सीट आणि ब्रेकच्या मध्ये लाकडी ठोकळा ठोकलेला, आणि गाडी गिअरमध्ये टाकलेली. ती जागच्या जागी थरथरत होती. कोणीतरी तिला बोलावतंय आणि तिला जाता येत नाही, असं काहीसं. मिस्त्री टिपरखाली कुशीवर होऊन गिअरबॉक्सला उलटा हात लावून पडले होते आणि रिकाम्या केबिनशी बोलत होते.

"चढत न्हाई रे. बघ की."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तो विष्णूचा टिपर. साऱ्या आळीला माहीत आहे." मी इतिहासाचा प्राध्यापक, मलाच माहीत नव्हतं.

विष्णू म्हणजे मिस्त्रींचा धाकटा भाऊ. येलदरीकडे कालव्याच्या कामावर हा टिपर चालवायचा. गाडी ऑटोमॅटिक गिअरची, आणि तिच्या गिअरबॉक्सचं तेल इंजिनाच्याच पाण्यावर थंड होतं. पाणी जितकं गरम असेल, त्याच्या खाली तेलाचं तापमान उतरूच शकत नाही. विष्णू म्हणायचा, "दादा, ब्याऐंशीचा बसव, गिअरबॉक्स तापायलाय. हात लावून बघ एकदा." मिस्त्रींनी हात लावला नाही. कंपनीनं एक्क्याण्णव दिलाय, एक्क्याण्णवच राहील, म्हणाले. भर मे महिन्यात, लोड घेऊन चढताना तेल जळालं आणि गिअरबॉक्स बसला. विष्णू किल्ली दादाच्या पुढ्यात टाकून हैदराबादला निघून गेला. तिथेच आजारी पडून वारला. बोलणं पुन्हा झालंच नाही.

मिस्त्रींनी गिअरबॉक्स नव्यानं बांधला, ब्याऐंशीचा थर्मोस्टॅट बसवला. तेव्हापासून रोज तीनला ते हात लावून बघतात.

अलीकडे त्यांचे निकाल बिघडले होते. पावसाळ्यात मी तापानं फणफणत असताना गालाला हात लावून म्हणाले, "सर, ब्याऐंशी. एकदम बराबर." मला वाटलं, बढती मिळाली. बायकोनं मात्र त्यांच्या हाताकडे पाहिलं होतं. "त्यांच्या हातावर फोड आहेत भाजल्याचे. आणि त्यांना पत्ता नाही. साखरेनं हात बधिर झालाय."

रुंदीकरणाची नोटीस आली. सोमवारी टिपर भंगारात जाणार होता. रविवारी तीनला मिस्त्री आमच्या फाटकाशी आले. गालाला हात लावला नाही.

"सर, जरा येता का? तुमचा हात पाहिजे."

इंजिन चालूच होतं. रिकाम्या केबिनचं स्टेअरिंग कापत होतं.

"एक मीटर आणू या का?" मी म्हणालो.

"इष्णू मीटर बघ म्हणला न्हवता," ते म्हणाले. "हात लाव म्हणला व्हता. एक्क्याण्णव आसंल तर लावताच हात उडतो. ब्याऐंशीला दोन मोजेस्तोवर टिकतो. मला आता दोनशे मोजले तरी कळत न्हाई. उद्या गाडी जायलीय. त्याचं बराबर व्हतं का न्हाई, तेवढं सांगा."

आयुष्यभर मी पुराव्याशिवाय कोणाचं ऐकलं नव्हतं. उलटा हात लोखंडाला लावला. एक. दोन. मग ओढला.

"दोन," मी म्हणालो.

मिस्त्रींनी मान वळवून केबिनकडे पाहिलं. "सर दोन म्हणलेत," त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी स्वतःचा हात गिअरबॉक्सवर ठेवला, उलटा नाही, सुलटा. धाकट्याच्या पाठीवर ठेवावा तसा. मी मनात दोन मोजले, पाच मोजले. शेवटी मनगट धरून मलाच तो काढावा लागला.