तुळजाजीरावांचे बूट

"पायांत विलायती बूट असले तर तसंच तंबूत जाता येतं, दाजी. देशी जोडे मात्र बाहेर काढायचे. दुरैचा नियमच आहे तसा," एकोजी म्हणाला. तंजावुरात गोऱ्या साहेबाला सगळे दुरै म्हणत आणि एकोजी कलेक्टर दुरैच्या कचेरीत कारकून होता. ओरत्तनाडूच्या रानात डुकरं माजली होती. ते रान जाणणारा माणूस दुरैला हवा होता, म्हणून एकोजी बहिणीच्या नवऱ्याकडे शिकारीचं आमंत्रण घेऊन आला होता.

तुळजाजीराव ताडकन उठले. "आमच्या आबांनी जोडे काढले ते महाराजांपुढं! या दुरैच्या तंबूबाहेर मी काढू? बूट मागव."

राज्य खालसा होऊन वीसेक वर्षं झाली होती. आबा राजवाड्याच्या शिकारखान्यावर होते. रानात अनवाणी हिंडून हिंडून त्यांचे पाय सुपासारखे पसरले होते. राज्य गेलं तसे हत्ती गेले, घोडे गेले, शिकारी कुत्रे गेले. मुलाकडे वारशाने आले ते तेवढे पाय.

एकोजीने ते पाय कागदावर ठेवून भोवती रेघ ओढली आणि कागद मद्रासच्या एका दुकानात धाडला. माणसाचं पाऊल एवढं रुंद असेल यावर दुकानदाराचा विश्वास बसला नाही. रेघ ओढणाऱ्याचा हात हलला असणार, असं समजून त्याने आपल्या अंदाजाने नेटके, निमुळते बूट पाठवून दिले.

बुटांत पाय शिरेना. एरंडेल चोळून झालं, पायाला साबण लावून झाला. शेवटी वसुमतीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अय्यो, ओढू नका हो असं! भिजवलेले उडीद ठासून भरते आत. उडीद फुगले की बूटही फुगेल."

उडीद फुगले, बूट सैलावले. पण तंजावूरच्या उकाड्यात उडीद आंबलेही. सकाळी बुटांना इडलीच्या पिठाचा वास सुटला होता.

"फार येतोय का गं वास?" तुळजाजीरावांनी विचारलं.

"छे! भूक लागेल इतपतच."

ओरत्तनाडूला तुळजाजीराव ताठ मानेने, बुटांसकट तंबूत गेले. दुरैने उठून हात मिळवला. मात्र त्याच्या आधी दुरैच्या कुत्र्यांनी बुटांना नाकं लावली होती. शिकार सुरू झाली, तेव्हा हाकारे एकीकडे ओरडत होते, डुक्कर दुसरीकडे पळत होतं आणि सगळी कुत्री तुळजाजीरावांच्या मागे लागली होती. ते वळले की कुत्री वळत, ते थांबले की बूट चाटत.

"राव! डुक्कर तिकडे!" दुरै मोडक्या तमिळमध्ये ओरडला.

"मला काय सांगता? तुमच्या कुत्र्यांना सांगा!"

अखेर त्यांनी बूट काढून कुत्र्यांपुढे फेकले आणि अनवाणी धाव घेतली. तळव्यांना तांबडी माती लागली मात्र, आणि त्यांना आपलं लहानपण आठवलं. याच रानात ते आबांच्या मागून पळत असत. वाळलं पान न वाजवता टाच कशी टेकायची ते आबा दाखवत. पोर दमलं की खांद्यावर घेत. मग आबांच्या पागोट्याला येणारा घामाचा आणि दारूगोळ्याचा वास घेत त्यांना झोप लागे. इतक्या वर्षांत त्यांनी पायांखाली रान घेतलंच नव्हतं. ओढ्याकाठच्या जाळीला वळसा घालून त्यांनी डुकराला बरोबर दुरैच्या अंगावर उठवलं आणि दुरैने एका बारात ते लोळवलं.

परत येऊन पाहतात तो बुटांच्या टाचांचे नाल तेवढे उरलेले!

"आता तंबूत कसे जाणार, दाजी?" एकोजी हात चोळत म्हणाला. "अनवाणी जाणं म्हणजे जोडे काढल्यासारखंच की!"

तुळजाजीरावांचा चेहरा उतरला. "मग येत नाही म्हणून सांग."

तेवढ्यात दुरैच बाहेर आला. आपल्या कुत्र्यांनी पाहुण्याचे बूट खाल्ले, या शरमेने तो लालबुंद झाला होता. हातात त्याचे स्वतःचे दुसरे बूट होते. त्याने पुन्हा पुन्हा माफी मागितली, तुळजाजीरावांना खुर्चीवर बसवलं आणि सगळ्या हाकाऱ्यांच्या देखत जमिनीवर गुडघा टेकून त्यांचा मातीने भरलेला पाय हातात घेतला.

पाय अर्थातच शिरेना. दुरै घामाघूम झाला. हाकारे बघत राहिले.

"दाजी, पुरे म्हणा ना!" एकोजी कासावीस होऊन कुजबुजला.

तुळजाजीराव खुर्चीत सावकाश मागे रेलले. आज आबा असायला हवे होते, असं त्यांना फार वाटलं.

"जाईल, जाईल," ते म्हणाले. "दुरै, जरा जोर लावा."