मिराशी अण्णांचं बोडकं घर

मिराशी अण्णा पहिल्यांदा माझ्या खोलीवर आले, ते नमस्कार वगैरे न करता सरळ गुडघ्यांवर बसले आणि माझ्या खाटेखाली डोकावले.

"हितं काय हाय?"

"ट्रंक आहे," मी म्हणालो.

"भाईर काढा. खाटंखाली मोकळं पाहिजे."

मग उठले, धोतराची धूळ झटकली, दार ओढून त्याच्या मागे पाहिलं, आणि मगच "गाव कोनचं म्हनायचं, मास्तर?" अशी चौकशी केली. मी खानापूरचा, सुप्याच्या बाजूला नुकताच शाळेवर आलेला. इकडची हीच रीत असेल असं समजून मी ट्रंक बाहेर काढली. ती पुढे कितीतरी दिवस खोलीच्या मधोमध राहिली आणि येता-जाता माझ्या नडगीला लागली.

रीत अण्णांची एकट्याचीच होती, हे नंतर कळलं. कुणाच्याही घरी गेले की आधी कणगीमागे बघायचे. वाण्याला त्यांनी पोत्यांची थप्पी भिंतीपासून सरकवायला लावली होती. बोलताना कोणी खांबाला टेकून उभा राहिला तर म्हणत, "म्होरं या. दिसू द्या तुम्हास्नी." एका लग्नात नव्या नवरीलाही "तोंडावरचा पदर जरा वर घे बाई, आडोसा वाईट," असं सांगून त्यांनी वरमाईची शिवीगाळ ऐकून घेतली होती. 'मोकळं पाहिजे' आणि 'आडोसा वाईट', एवढ्या दोन वाक्यांत त्यांचा दिवस निभावून जाई.

घरही तसंच. तरुणपणी अण्णा मुंबईला समुद्राकाठी नव्या तऱ्हेची सिमेंटची घरं बांधणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मुकादम होते. परत आले ते तसलंच घर डोक्यात घेऊन. काळी नदीच्या वरच्या अंगाला, चढावर, दाट रानाच्या तोंडाशी त्यांनी ते उभं केलं. पांढरंफेक, डब्यासारखं. कौलं नाहीत, वळचण नाही, ओसरी नाही, माळा नाही. आतले कोपरेसुद्धा घोटून गोल केलेले. रानाकडची अख्खी भिंत काचेची. त्या मोठमोठ्या काचा लोंढ्याच्या स्टेशनावरून पेंढ्यात गुंडाळून बैलगाडीने आल्या होत्या. सपाट छप्पर बघून लोकांनी नाव ठेवलं, बोडकं घर.

आणि इथला पाऊस काही मुंबईला विचारून पडत नाही. छपरावर तळं साचे. सगळा गाव चिखलात लावणी करत असताना अण्णा एका हातात छत्री, एका हातात खराटा घेऊन छपरावर पाणी लोटत. "अण्णांनी वरती भात लावलाय," असं लोक म्हणत. अण्णांच्या कानावर ते जाई, पण खराटा थांबत नसे.

उन्हं कलली की मात्र कोणी हसत नसे. समोरचं रान त्या काचेत उतरायचं आणि झाडं घरात शिरून उभी आहेत असं वाटायचं. पाखरं फसून काचेवर आपटत. अण्णा ती सकाळी उचलून पुरत. गवे येत आणि काचेतल्या गव्यांकडे बघत उभे राहत. आणि त्या झाडांच्या मधोमध कधीकधी एक बाई दिसे. पांढरं लुगडं, उघडं डोकं, जराही हालचाल नाही.

तुकाप्पा गाडीवान उळवीच्या जत्रेची माणसं घेऊन काचेसमोरच्या, खालच्या रस्त्याने जायचा. तेवढ्या टप्प्यात तो बैलांच्या घुंगरमाळा काढून ठेवी.

"मास्तर, ती बगती," तो मला म्हणाला, "पर आपल्याकडं न्हाई. आपल्या मागं बगती."

मी त्याला हसलो. पण त्यानंतर त्या रस्त्याला लागलो की माझीही मान मागे वळू लागली.

एकदा सकाळी शाळेच्या कौलांसंबंधी विचारायला मी अण्णांकडे गेलो. अण्णा ओलं फडकं घेऊन काचेपाशी उभे होते. काचेवर बाहेरून चिखलाचा ठसा होता, मोठ्या नाकाचा. खाली मऊ मातीत पंजे उमटलेले. आणि आतल्या बाजूने, नेमका त्या नाकासमोर, माणसाच्या हाताचा पंजा उमटला होता.

"बिबट्या?" मी विचारलं.

"येतो कदीमदी."

"आणि हात?"

अण्णांनी फडकं पिळलं. "आमच्या अक्काचा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच दोन वाक्यांच्या पुढे बोलले.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. विधवा होऊन माहेरी आलेली, पदरी एकुलतं एक पोर. तेव्हा ही सगळी खाली जुन्या घरात राहत. वळचण डोक्याला लागेल इतकी खाली, ओसरी दिवसाही अंधारी. दिवेलागणीला अक्का चुलीपाशी होती आणि पोर ओसरीवर खेळत होतं. कणगीच्या आडोशाला बिबट्या कधी येऊन बसला, कोणालाच कळलं नाही.

"तिनं हाक मारली. पोरानं व्हय म्हटलं. दिवा घेऊन भाईर आली तर ओसरी रिकामी. आवाज बी झाला न्हाई, मास्तर."

तेव्हापासून अक्काला भिंतीआड बसवेना. दार लावलं की ओरडे, उघडं ठेवलं की थरथर कापे. झोप तर गेलीच. निरोप मिळाल्यावर अण्णा मुंबईहून आले आणि परत गेलेच नाहीत.

"म्हटलं, घर असं पाहिजे की आतनं समदं दिसंल आनि भाईरचं आत येनार न्हाई. तसलं मी मुंबईत बगितलं हुतं."

"मग आता बिबट्या आला की त्या घाबरत नाहीत?"

"न्हाई. उठून जाती, काचेला हात लावून हुबी ऱ्हाती. त्योच बिबट्या हाय म्हनती. त्यो कवाच मेला असंल. मी काय बोलत न्हाई."

बाहेरचा ठसा त्यांनी पुसून टाकला. मी कौलांचं काही न विचारताच परतलो.

पुढच्या आषाढात मोठा वारा सुटला, ऐनाची फांदी मोडून आली आणि मधली काच फुटली. बातमी कळताच दुपारी शाळा सोडून मी तुकाप्पाला गाठलं. तो आधी यायला तयार नव्हता. मग गाडीत फळ्या टाकून आम्ही चढ चढलो. या खेपेला घुंगरमाळा त्याने घरीच ठेवल्या होत्या.

फुटलेल्या काचेच्या जागी अण्णा पाटावर बसले होते. अंगावर कांबळं, तोंड रानाकडे. पाऊस तिरका येऊन त्यांच्या छातीवर पडत होता.

"अण्णा, फळ्या आणल्यात. आत्ता ठोकून देतो."

"फळ्यांनी अंधार हुतो," अण्णा अगदी हळू म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. मुंबईस्नं काच येस्तवर मी बसतो हितं."

"काच यायला किती दिवस लागतील, काही ठाऊक आहे?"

"येस्तवर बसतो."

मी जवळ गेलो तेव्हा दिसलं. आतल्या बाजूला, त्यांच्या पाठीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन अक्का झोपली होती. खालून जिची आम्हाला एवढी धास्ती वाटे, ती जवळून एक सुरकुतलेली, दमलेली म्हातारी होती, आणि बारीकसं घोरत होती.

"सकाळधरनं निजलीया," अण्णा पुटपुटले. "लई वर्सांनी."

मग त्यांनी डोळ्यांनीच आपल्या पायाकडे खूण केली. घोट्याला जळू लागली होती, रक्त पिऊन जांभळाएवढी टम्म फुगलेली. तुकाप्पा माझ्या मागे उभा होता. तो पुढे आला, त्या घरासमोर चिखलात गुडघे टेकून बसला आणि चंचीतला चुना बोटावर घेऊन जळवेला लावला. जळू गळून पडली. रक्ताची धार पावसाच्या पाण्यात मिसळून उताराला लागली.

अण्णांनी पाय हलवला नाही. पाय हलला असता तर पाठ हलली असती.