गल्लीभर ऐकू येणारा पासवर्ड

सुखदेव नानांच्या घरचं वाय-फाय मी नीट करून दिलं, ही माझी चूक. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःला भला माणूस करून टाकीन आणि नाना नुसते विक्षिप्त म्हातारे म्हणून उरतील.

विक्षिप्त ते आहेतच. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सात वाजता नाना अंगणात येतात, खाकरतात आणि आपल्या वाय-फायचा नवा पासवर्ड मोठ्यानं वाचून दाखवतात. आठ आकडे. एकेक सुटा, मध्ये दमदार श्वास. संपले की पुन्हा पहिल्यापासून, कोणाचा लिहायचा राहिला असेल तर. धामणगाव बढ्यात त्यांच्या समोरच्या घरी मी भाड्यानं आलो तेव्हा पहिल्या महिन्यात माझी खात्रीच पटली होती की म्हातारा मटक्याचा आकडा फोडतो.

नाना गावच्या पाणीपुरवठ्यावर वॉलमन होते. कोणत्या गल्लीचा वॉल कधी फिरवायचा, हे तीस वर्षं त्यांच्या हातात होतं. निवृत्त झाले, पण डोक्यातलं पाणी काही आटलं नाही. राऊटर म्हणजे त्यांच्या लेखी टाकी. म्हणून तो माठाच्या तिवईवर, आणि तिवई कपाटावर. उतार मिळाला पाहिजे. व्हिडिओ मध्येच अडकला की पाइपात हवा धरली. दुपारी दोन तास ते राऊटर बंद ठेवत, टाकी भरू द्यायला. दर महिन्याला पासवर्ड बदलणं म्हणजे लाईन धुणं. तेवढी एक गोष्ट त्यांनी जोडणीवाल्याकडून शिकून घेतली होती आणि ती ते मंत्रासारखी बिनचूक करत. आणि कशावरही त्यांचं एकच उत्तर ठरलेलं. ताप असो, निवडणूक असो, कोणाच्या मुलीचं स्थळ असो, नाना म्हणणार, "आधी प्रेशर पाहू."

बसणं त्यांना माहीत नाही. चहा उभ्यानं, जेवणही जवळजवळ तसंच. दिवसातून चार वेळा गल्लीत फेरी. दारात डोकावून विचारणार, "येऊन राह्यलं का तुमच्याकडं?" पाणी की नेट, ते समोरच्यानं समजून घ्यायचं.

पण त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट गल्लीत सगळे मानानं सांगतात. कोणाशी कितीही वाजलं तरी नानांनी त्याचं पाणी कधी अडवलं नाही. वरून दबाव आला, अमक्याची लाईन बंद कर, तरी नाही. म्हणायचे, "भांडण माह्यं हाये, पाण्याचं नाही."

आता माझ्याबद्दल. मी हायस्कूलला गणित शिकवतो. आमच्या एका सहकाऱ्याला फोनवरून कोणीतरी फसवलं, तेव्हापासून मला पासवर्डाची धास्तीच बसली होती. मुलांना मी तास तास समजावायचो, पासवर्ड आईलासुद्धा सांगू नका. आणि समोर हे गृहस्थ गल्लीला ओरडून सांगताहेत. शेवटी एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन नानांकडे गेलो.

राऊटरचं पान उघडलं. नऊ फोन जोडलेले. नाना उभ्यानंच एकेकाचा धनी सांगत होते. हा माह्या पोराचा, हा पिठाच्या गिरणीवाल्याचा, हा त्या शिवणवाल्या बाईचा. एका फोनवर मात्र अडले. राऊटर चालू असेल तेवढा वेळ तो जोडलेला दिसत होता.

"राहू द्या तो," नाना म्हणाले.

मी म्हणालो, "नाना, हा टिल्लू आहे." टिल्लू म्हणजे नळाला चोरून लावायची छोटी मोटर, शेजाऱ्याचं पाणी ओढणारी. त्यांच्याच भाषेत बोललो याचं मला तेव्हा कौतुक वाटलं.

नाना अंगणात गेले, परत आले, पुन्हा गेले. मग दारातून म्हणाले, "सर, कोणाची लाईन तोडू नका. पाहिजे तं माह्यी बंद करा."

तेवढ्यात कोणीतरी गळका नळ दाखवायला हाक मारली आणि नाना पाना घेऊन निघाले. ते परत येईपर्यंत मी घरातले फोन सोडून बाकी सगळे बंद केले होते. साधे बंद नाहीत. पासवर्ड मिळाला तरी पुन्हा जोडता येणार नाहीत असे. वर सोळा अक्षरांचा नवा पासवर्ड. नाना आल्यावर मी सांगितलं, कोणाला हात लावला नाही, फक्त पासवर्ड बदलला. हे पहिलं खोटं. दुसरं लगेच त्याला जोडून: हा पासवर्ड मोठ्यानं सांगितला तर तुमचं नेट कायमचं बंद पडतं.

नानांनी मान हलवली. मास्तर सांगतो म्हणजे खरंच असणार, असं मानणारा माणूस.

एक तारीख आली. मी खिडकीत होतो. नाना बाहेर आले, खाकरले, आत गेले. पुन्हा आले. सात-आठ वेळा असं झालं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. दोन दिवस संध्याकाळी मी त्यांना शेजारच्या घराच्या भिंतीला लागून उभं पाहिलं, मान एका बाजूला. तीन तारखेला सकाळी आवाज आला. "मोठा ए. छोटा के. आठ. मग ते जिलेबीवानी राह्यते ते." सोळाच्या सोळा अक्षरं, तीन वेळा. गिरणीवाला हसत सुटला. मी चिडलो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरानं त्या मधल्या भिंतीवर टिनाचे पत्रे ठोकले. पुरुषभर उंच.

त्या दुपारच्या सुट्टीत नाना शाळेत आले. व्हरांड्यात येरझारा घालत होते.

"सर, तुमी म्हणले होते का सांगतला तं नेट बंद पडते. मी सांगतला. म्हटलं माह्यं पडो बंद, त्याचं तं येईन. अन् माह्यं चालू हाये. त्याचं काऊन नाही आलं?"

"कोणाचं?"

"प्रल्हादचं."

प्रल्हादभाऊ म्हणजे नानांचा धाकटा भाऊ. भिंतीपलीकडचं घर त्यांचंच. दोघांचं बोलणं अकरा वर्षं बंद आहे, हे मला माहीत होतं. नानांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये प्रल्हादभाऊंचं नाव राहून गेलं. नाना म्हणाले छापणाऱ्यानं खाल्लं, प्रल्हादभाऊ म्हणाले छापायच्या आधी कागद तुझ्याच हातात होता. तेव्हापासून मयतीलाही दोघं दोन बाजूंना उभे राहतात.

जे माहीत नव्हतं ते नानांनी चालता चालता सांगितलं. प्रल्हादभाऊंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आमच्या गल्लीत मोबाईलची रेंज गच्चीवरच येते; बाकीचे तिथे जाऊन भागवत होते, त्यांना जिना चढता येत नव्हता. रोज संध्याकाळी सुरतेहून त्यांची नात फोनवर दिसायची, ती नानांच्या नेटवर. तिचा आवाज भिंतीवरून इकडे यायचा. त्यावरून नानांना कळायचं की पलीकडे पोचलं. आता आवाज येत नव्हता.

तेव्हा मला समजलं की पासवर्ड दर महिन्याला का बदलत होता. तोच राहिला असता तर भावाला हाक मारायला निमित्त उरलं नसतं.

आणि मी काय केलं? "पाहतो," म्हणालो. संध्याकाळी कसलंसं कारण काढून गेलो आणि गुपचूप ते फोन मोकळे केले. वाटलं, मिटलं. पण प्रल्हादभाऊंनी आता जोडायचा प्रयत्नच सोडला होता. त्यांच्या दृष्टीनं भावानं आधी लाईन तोडली आणि मग खोटा पासवर्ड ओरडून गल्लीत हसं केलं. टिनं तशीच राहिली. नाना टिनापर्यंत जायचे, परत यायचे. मी आठ दिवस वर्गात फळ्यावर गणितं चुकवत होतो. मुलं दाखवायची, मी पुसायचो, पुन्हा चुकायचो. खरं सांगितल्याशिवाय हे सुटणार नव्हतं, आणि माझी जीभ रेटत नव्हती.

नवव्या दिवशी प्रल्हादभाऊंकडे गेलो. ते काठी टेकत दारापर्यंत आले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, माफी मागितली.

"मले काऊन माफी मागता, सर? माह्यं तं फुकटचं होतं. आमचं बोलणं तुटलं त्या साली बी माह्या घरचं पाणी त्यानं एक दिवस चुकू देल्लं नाही. अन् मी आठ दिवस त्याच्या नावानं बोटं मोडून राह्यलो. नाव त्याचं खराब झालं. त्याले मागा."

नाना अंगणात फेऱ्या घालत होते. बसा म्हटलं तर म्हणाले, बोला, ऐकून राह्यलो. मग मीही त्यांच्याबरोबर चालू लागलो. टिनापर्यंत, तिथून दारापर्यंत. तिसऱ्या फेरीला बोललो. "नाना, प्रल्हादभाऊंची लाईन मी तोडली. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी तोडली. आणि वर तुमच्याशी दोनदा खोटं बोललो. त्यांना आत्ताच सांगून आलो. मला माफ करा."

नाना थांबले. "त्याच्या घरातून आले?"

"हो."

"चालून राह्यला का तो?"

काठी घेऊन दारापर्यंत आले होते, मी सांगितलं.

"जोर कोणत्या पायावर देते?"

ते मी पाहिलं नव्हतं. मी त्याचीही माफी मागितली.