छत्तीसचे त्रेसष्ट

रेवदंड्याच्या स्टँडवर रिक्षा समोर उभी असूनही एखादा माणूस आत बसत नसेल, तर ते आमचे शेजारी तुकानाना समजावेत. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. रिक्षाच्या नंबरातल्या चार आकड्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून दहा आणल्याशिवाय नाना पाय वर ठेवत नाहीत. "नंबर हाय म्हंजे त्यात दहा हाय. काढता आला पायजे!"

एकदा अलिबागला जाणारी ११९९ आली. आत माणसं खोळंबलेली, रिक्षावाला हॉर्न वाजवतोय आणि नाना डोळे मिटून उभे. शेवटी ओरडले, "एकाला नवानं भाग, एक मिळव, नवानं गुण. दहा!"

टोपली मांडीवर घेऊन बसलेली कोळीण म्हणाली, "झालं ना दहा? आता अलिबाग कर!"

खरं सांगतो, मला या माणसाचा वैताग यायचा.

मग हद्दीवरच्या एका माडावरून माझं नि धाकट्या भावाचं वाजलं. भिंतीला भिंत लागून घरं, पण बोलणं बंद. आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं. दोघांनी मिळून करावं असं फार वाटे, पण आधी बोलायचं कुणी? नानांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "सोडा नाना. आमचा छत्तीसचा आकडा आहे."

आकडा म्हटल्यावर नाना सोडतायत होय! काडी घेऊन त्यांनी अंगणातल्या वाळूत ३६ काढला. "एकमेकाला पाठ केलीया. आता जागा बदल." शेजारी ६३ काढला. "तेच दोघं. तोंडाला तोंड."

"आणि यातनं दहा?" मी चेष्टेनं विचारलं.

"न्हाय येत. सहा नि तीन नऊ. एक कमी पडतो. तो कुणीतरी पदरचा घालाया लागतो." मग आवाज उतरला. "मी न्हाय घातला. माझा थोरला भाऊ बोर्लीला व्हता. आधी त्यानं बोलावं म्हणून बसलो. तो गेलाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाच्या दारात गेलो. त्यानं आत चहा टाकायला सांगितलं.

वर्षश्राद्ध आम्ही दोघांनी मिळून केलं. नानांनी मला माझा भाऊ परत दिला. हे उपकार फिटायचे नाहीत. पंगतीत त्यांना आम्हा दोघांच्या मधे बसवलं. भाऊ आग्रहानं अळू वाढायला लागला, तर नाना पानाकडेच बघत राहिले.

"वाढ," म्हणाले, "आमच्या दादाला लई आवडायचं."