पारूआक्काचे वीस मासे

पारूआक्काच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि तिचे मासे माझ्या दुकानाच्या फ्रीजरमध्ये आहेत. वर कुल्फी, खाली मासे. गिऱ्हाइकाला कळलं तर माझं दुकान बसलंच म्हणून समजा. पण आक्काला नाही म्हणायची टाप आमच्या आळीत कुणाची नाही, माझी तर मुळीच नाही.

ही माळकरीण मासा खात नाही, शिजवत नाही, फक्त जगवते. मागच्या दारी सावलीत रुंद तोंडाचा टब, त्याला गुंडाळलेलं ओलं पोतं, आत बुडबुडे सोडणारं हवेचं मशीन, आणि बोटाएवढे वीस मासे. एकोणीस नाहीत, एकवीस नाहीत. शिंगाळा म्हणजे कृष्णेच्या डोहात तळाला पडून असणारा मिशाळ दांडगा मासा. त्याच्या गळाला लावायचा हा जिता चारा.

टबाजवळ गेलं की आक्का हेडमास्तरीण होते. "कोरडा हात लावू नगं. साबनाचा वास येतोय तुज्या हाताला, लांब हो." एखादा मेला की तो आधी बाहेर, नाहीतर पाणी नासून दुसरा जातो. फ्रीजरातल्यांचा कायदा वेगळा: पुसून, मीठ लावून, पिशवीतली हवा काढून एका थरात निजवायचे. एकदा वितळला की परत गोठवायचा नाही, लगदा होतो, गळावर राहत नाही. मी हसलो की म्हणायची, "मुका जीव हाय बाबा. बोलायचा न्हाई, मरूनच दावील."

आता गंमत बघा, या घरात दोन वर्षांत कुणी गळ टाकलेला नाही.

गळाचे उस्ताद म्हणजे आक्काचे मालक, तात्या. फौजेतून पेन्शनीवर आले आणि नदीवरच राहिले म्हणा ना. आता त्यांना काही आठवत नाही. जेवलो का, घर कुठलं, सगळं पुसलं. चारा तेवढा राहिलाय. रोज चार वाजता टबाशी येतात, बोटानं मोजतात. वीस भरले की "उद्या जाऊ" म्हणून चहा घेतात. एक जरी कमी पडला तरी डबा-जाळी उचलून चारा धरायला नदीला चालू लागतात. गेल्या साली असेच डोहात छातीपर्यंत उतरले होते. म्हशी धुणाऱ्यांनी ओढून काढलं म्हणून वाचले. तेव्हापासून आक्का टब भरलेला ठेवते. पावसाळ्यात जिते मिळत नाहीत, तेव्हा फ्रीजरातल्या पिशव्या दाखवून "ह्यो बगा साठा" म्हणते.

गेल्या वैशाखात मेढ्याला बहिणीच्या दहाव्याला जायचं म्हणून आक्कानं मला राखणीला बसवलं. एष्टीत चढता चढता तीनदा सांगितलं, "नळाचं पानी घालू नगंस. पंचायतीचं टिसियल असतंय त्यात. हिरीचं क्यानमधी भरून ठेवलंय."

दुपारी एकला लाइट गेली. मशीन बंद. तांब्यानं पाणी वरून ओतत बसलो, खांदा भरून आला. पाणी कोमट झालं तसं कॅनमधलं घालून संपवलं. विहीर लांब, ऊन डोक्यावर, आणि नळ हाताशी. म्हटलं, दोन बादल्यांनी काय होतंय? अक्कल अशी वेळेवर शेण खायला जाते बघा.

टिसियलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, वास आला तेव्हा कळलं. मासे वर येऊन आ वासायला लागले. एक कलंडला, मग दुसरा. विहिरीकडं पळालो, पोहऱ्यानं पाणी शेंदलं, दोन्ही बादल्या घेऊन धापा टाकत आलो, उरलेले त्यात सोडले. अकरा. घड्याळात पावणेचार.

मग मी आयुष्यातला सर्वांत मोठा गाढवपणा केला. दुकानातून नऊ गोठलेले आणले, टब धुतला, बादल्यांतलं विहिरीचं पाणी ओतलं आणि सगळे एकत्र सोडले. ते नऊ चमच्यांसारखे ताठ वर तरंगायला लागले. काठीनं ढोसले की बुडायचे, परत वर!

तात्या आले. बोट फिरवत अकरापर्यंत मोजलं. बारावा उचलून तळव्यावर घेतला, बराच वेळ बघितला.

"ह्यो थंडीनं मेला व्हय रं?"

त्या रखरखत्या उन्हात मी "व्हय" म्हणालो. तात्यांनी मान हलवली आणि डबा-जाळी उचलली.

"तात्या, आवं थांबा! आक्काला येऊ द्या!"

दारात आडवा झालो तर फौजी मनगटानं मला भिंतीला लावलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण थांबता थांबेना. गयावया करत, सदरा धरून ओढत त्यांच्या मागं निघालो. नदीचा उतार दिसायला लागला. हातातून सदरा सुटला तर काय, या विचारानं मला रडू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात फाट्यावर एष्टी थांबली. आक्का उतरली, आम्हाला बघितलं आणि पिशवी तिथंच टाकून पळत आली.

"आक्का, माज्यामुळं मेले गं," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तात्यांच्या वाटेत उभी राहिली.

तात्या थबकले. परक्या बाईला वाट द्यावी तसे आदबीनं बाजूला सरकले.

"तुमी कोण, बाई?"

यांचा चाळीस वर्षांचा संसार मी शेजारून पाहिलाय. वाटलं, आता ही खाली बसणार. पण आक्काला हा प्रश्न नवा नव्हता.

"मी तुमचा चारा राखती," ती म्हणाली.

"आसं व्हय!" तात्यांचा चेहरा खुलला. "मंग कमी कसा पडला?"

"माजी चूक झाली. उद्या पुरा करती."

माझी मान वर होईना. तात्यांनी डबा तिच्या हातात दिला.

"ध्यान ठेवत जावा, बाई. उद्या आमच्या पारूला न्यायची हाय नदीवर. लय वर्सं झाली, यती यती म्हंती, मीच कवा न्हेली न्हाई."

आक्कानं पदराच्या टोकानं त्यांचे ओले हात पुसले.

"सांगती मी तिला," ती म्हणाली, आणि त्यांना घेऊन घराकडं वळली.