चाकणला भरलेला इंडोनेशियन वर्ग

इंडोनेशियन भाषा शिकवावी ती मीच, असं १९५७ साली मला मनापासून वाटत होतं. दुसरं महायुद्ध संपताना पलटणीबरोबर जावा बेटावर वर्षभर काढलं होतं, तिथल्या बाजारात भाजी घेता घेता भाषा उचलली होती. त्या भांडवलावर विद्यापीठाने मला पुण्यात पाच विद्यार्थ्यांचा वर्ग दिला होता. पाचच विद्यार्थी, म्हणून वर्ग बंद करायचं घाटत होतं. शेवटचा निर्णय द्यायला दिल्लीहून हार्तोनो नावाचे इंडोनेशियन भाषातज्ज्ञ येणार होते.

मी ठरवलं, साहेबांना वर्गात बसवायचंच नाही. भाषा आपल्याकडच्या रीतीभातींतून शिकवावी, हा माझा लाडका सिद्धांत. तेव्हा वर्ग थेट चाकणला, आमच्या घरी! धडा पाहुणचाराचा. माझी आई आक्काबाई पुरणपोळ्या करील, विद्यार्थी इंडोनेशियन बोलत वाढतील, साहेब खूश. जावाची माणसं आपल्यासारखीच भिडस्त, पहिल्यांदा नको म्हणणारच, तेव्हा आग्रह सोडायचा नाही, असं मी विद्यार्थ्यांना बजावून ठेवलं.

साहेब आले. ठेंगणे, हसतमुख, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले. पाटावर मांडी घालून बसले, तेव्हाच मला निम्मी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. दोन पोळ्या झाल्यावर त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "सुदा."

सुदा म्हणजे झालं, पुरे. विद्यार्थ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनेच सांगितलं, आग्रह करा. आडवा हात काय, आमच्याकडे व्याहीही धरतात. त्याला कोण विचारतो? आणि आईने तर 'सुद्धा' ऐकलं.

"ही सुद्धा वाढ म्हंतोय. लई गुणाचं लेकरू हाय," असं म्हणत तिने तिसरी पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. साहेब काकुळतीने म्हणाले, "सुदा, सुदा." आईने दोन वाढल्या.

म्हाताऱ्या माणसाने वाढलेलं पानात टाकायचं नाही, ही त्यांच्या घरची शिस्त होती म्हणे. हे मला मागाहून कळलं. सातव्या पोळीपर्यंत मी मोजलं आणि समाधानाने ओसरीवर पुढच्या धड्याची तयारी करायला गेलो.

परत येऊन पाहतो तर साहेब भिंतीला टेकलेले, दोन्ही हात पोटावर, आणि तोंडाने "पेरुत, पेरुत" असं चाललेलं. पेरुत म्हणजे पोट. पण त्यांच्यापुढे टोपलीभर पेरू होते, आणि आई एकाच्या फोडींना मीठ लावत होती. एवढं जेवूनही पाहुणा पेरूच मागतो, म्हणून तिने शेजारच्या भिमाजीच्या बागेतून ते धावतपळत मागवले होते.

मी खरा अर्थ सांगितला. आईने फोड खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"मग तू कशाला व्हतास हितं?"

मग तिने सगळा कारभार हाती घेतला. साहेबांना घोंगडीवर आडवं केलं, ओवा चावायला दिला, वर कढत पाणी. पाण्याकडे बोट दाखवून याला तुमच्यात काय म्हणतात, असं विचारलं. साहेबांनी सांगितलं. तिने ते आपल्या चाकणी उच्चारात म्हणून दाखवलं, तसे साहेब हसले, आणि हसल्याने पोट दुखून कण्हले. आईने लगेच कण्हण्याचा शब्द विचारून घेतला. पाठ, उशी, चूल, म्हैस, जे दिसेल ते. विद्यार्थी भोवती बसून वह्या भरत होते. सहा महिन्यांत ती पोरं माझ्यासमोर इतकी बोलली नव्हती. मी दारात उभा राहून पेरू खाल्ला.

साहेब दिल्लीला गेले. त्यानंतर पंधरा दिवस टपालवाला दिसला की मी त्याच्या पिशवीत डोकावत असे. शेवटी विद्यापीठाचं पत्र आलं. वर्ग चालू राहणार होता! इतकी जिवंत शिकवण्याची पद्धत आपण कुठेच पाहिली नाही, असं साहेबांनी लिहिलं होतं. सबब पुढच्या वर्षापासून मुख्य अध्यापक म्हणून आक्काबाईंची नेमणूक व्हावी. सध्याचे अध्यापक मदतीला राहिल्यास हरकत नाही.

आई अंगणात कांदे निवडत होती. तिला मी सगळं पत्र वाचून दाखवलं. तिने नीट विचार केला.

"कांदा निघंपत्तोर मला येळ न्हाई," ती म्हणाली. "तवर तूच शिकव."