कोरी करकरीत कॅरव्हॅन

निवृत्तीच्या पैशांतून साडेआठ लाखांची कॅरव्हॅन घेतली, तेव्हा अनंतरावांनी बायकोला तिच्यातून कोकण दाखवायचं कबूल केलं होतं. मोटारीमागे जोडून न्यायची ती चाकांवरची खोली. आत दोन गाद्या, शेगडी, फ्रिज. चार वर्षं झाली, ती अंगणातून हलली नव्हती.

"वापरली की रीसेल पडतो," असं अनंतरावांचं शास्त्र. गाद्यांवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, शेगडी पेटवायची नाही. एकदा दुपारी उमाताई आत जाऊन जरा आडव्या झाल्या, तर यांनी "अगं, गादी दबेल!" म्हणून उठवलं. अशा माणसाबरोबर संसार करणाऱ्या बाईला नमस्कारच करायला हवा.

या मार्चमध्ये उमाताईंनी कोकणाचं नाव काढणं सोडलं आणि "विकून टाका" म्हणाल्या. बायकोला अखेर शहाणपण आलं, असं अनंतरावांना वाटलं.

पडेगावहून जुन्या गाड्यांचा दलाल आला. त्याने चहूबाजूंनी फेरी मारून दोन लाख सांगितले.

"दोन? अहो, एकदाही वापरली नाहीये!"

"अंकल, गाडी उभी होती, पण किंमत पळत होती ना! टायर चिरले, फ्रिजचा गॅस उडाला. चालवली असती तर बरी राहिली असती."

अनंतरावांनी त्याला बिनचहाचा घालवला. दोन महिन्यांत उंदरांनी वायरिंग खाल्लं आणि त्याच दलालाने फोनवर एक लाख सांगितले. अनंतरावांना जेवण जाईना.

मग करमाडचा सोमनाथ आला. त्याला मोसंबीच्या बागेत आईसाठी खोली हवी होती.

"लई झ्याक हाय, काका. पण कोरीच ना? आमच्या आईला दुसऱ्याच्या अंगाखालची गादी चालत नाय."

"देवाशपथ कोरी!"

एक लाख चाळीस हजारांवर ठरलं. पोचती करायची अनंतरावांनी, वर टायरही त्यांनीच बदलायचे. सात लाख बुडाले होते, तरी या भावाला ते हात जोडून तयार झाले.

निघताना उमाताई एक मोठी पिशवी घेऊन मोटारीत बसल्या. जालना रोडवर शेंद्र्याच्या पुढे त्या म्हणाल्या, "थांबवा."

अनंतराव खाली उतरेपर्यंत त्या कॅरव्हॅनमध्ये शिरल्या होत्या. टरटर प्लॅस्टिक फाटल्याचा आवाज आला. घरून आणलेला छोटा सिलिंडर त्यांनी शेगडीला जोडला.

"उमे, काय करतेस! गिऱ्हाईक वाट बघतंय!"

"चहा करतेय. घेणार?"

चहा झाल्यावर त्या खिडकी उघडून अर्धा तास गादीवर लोळल्या. बाहेरून ट्रक जात होते. अनंतराव पायरीवर कपाळाला हात लावून बसले होते. त्यांना रडू येत होतं आणि ते रास्तच होतं.

करमाडला सोमनाथची आई, द्वारकाबाई, आधी एकटी आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"सोमनाथ, चहा उतू गेलाय की रं हितं. गादीबी दबल्याली हाय."

"काका, ही तर वापरल्याली निघाली! गाद्या नव्या कराव्या लागतील. वीस हजार कमी करा."

"एकदाच वापरली हो! अर्धाच तास!" अनंतरावांचा आवाज फाटला. त्यांनी केविलवाणेपणाने बायकोकडे पाहिलं.

"सोडा वीस हजार," उमाताई पदर सारखा करत म्हणाल्या. "कोकणापेक्षा स्वस्तात सुटलात."